डबी, दोरी आणि वार्षिक सभा

मिशन सप्ताह जवळ आला की आमच्या बॅप्टिस्ट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमध्ये आधी भांडणं लागायची. नाटुकलं दर वर्षी तेच असे, आणि त्यात हिंदुस्थानात आलेले मिशनरी विल्यम कॅरी कोण होणार हा वाद काही मिटत नसे. प्रसंग २ ऑक्टोबर १७९२ चा. इंग्लंडमधलं केटरिंग गाव, वॉलिस नावाच्या विधवा बाईंच्या घरातली मागची खोली आणि तिथं जमलेले थोडेसे बॅप्टिस्ट पाळक. दूरदेशी सुवार्ता न्यायची तर संस्था हवी आणि संस्थेला पैसा हवा. मग प्रत्येकानं आपली वर्गणी कागदाच्या चिठ्ठीवर लिहिली आणि अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत टाकली. एकूण १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्स, तेही रोख नव्हेत, नुसते कबूल केलेले. हा आकडा आम्हाला पाढ्यांसारखा पाठ होता.

तपकिरीची डबी म्हणजे कुणाची तरी कंपासपेटी. आतला कर्कटक काढायला हमखास विसरायचे, त्यामुळे त्या गंभीर प्रसंगी फुलरसाहेबांची डबी खडखडत फिरायची आणि मागच्या बाकांवर हशा पिकायचा.

फुलर व्हायला कुणीच तयार नसे. कॅरी जहाजात बसून जातो. फुलर कुठंच जात नाही. यावर आमच्या बाईंकडे ठरलेलं उत्तर असे. हिंदुस्थानातलं काम म्हणजे खोल खाणीत उतरण्यासारखं आहे, मी उतरतो, पण वरची दोरी तुम्ही धरून ठेवायची, अशा अर्थाचं कॅरी बोलल्याची आठवण खुद्द फुलर सांगत. आणि फुलरनी ती दोरी १८१५ मध्ये मरेपर्यंत सोडली नाही. गावोगाव हिंडून वर्गणी गोळा केली, पत्रं लिहिली, टीकाकारांना उत्तरं दिली. कॅरी १७९३ साली बंगालमध्ये आले, श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण निघालं, १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला, आणि १८३४ मध्ये तिथंच त्यांचा शेवट झाला. मायदेशी ते एकदाही परतले नाहीत. ‘वर्षभर पाठांतर करून कोण येतं?’ असं म्हणून बाई नजर फिरवत आणि तसा जो सापडे त्या बिचाऱ्याच्या गळ्यात फुलरची भूमिका पडे.

दुसऱ्या दिवशी नकाशा लागायचा. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय, आठवं वचन, म्हणजे येशूनं शिष्यांना साक्ष द्यायला सांगितलेली ठिकाणं: यरुशलेम, सर्व यहूदीया, शोमरोन आणि पृथ्वीचा शेवट. पाळकसाहेबांचा त्यावरचा उपदेश मला अजून पटतो. ते म्हणत, या चार पायऱ्या नाहीत. यरुशलेमचं काम संपल्यावरच पुढे जायचं असतं, तर मंडळी तिथून कधी निघालीच नसती. आठव्या अध्यायात छळ झाला, पांगापांग झाली, तेव्हा कुठं लोक बाहेर पडले. मग ते विचारत, ‘आपलं शोमरोन कोणतं?’ म्हणजे अंतरानं जवळ, पण जिथं जायला पाय उचलत नाही असं. यावर सगळे चुळबुळ करायचे. शेवटी कुणीतरी परभाषक मजुरांचं नाव घ्यायचं, कुणी तुरुंगातून सुटून आलेल्यांचं. एका वर्षी एक तरुण मुलगी म्हणाली, ‘आपण ज्या नातेवाइकांशी बोलत नाही ते.’ सभा गारच पडली. पण मजुरांच्या मुलांसाठी संध्याकाळचा वाचनवर्ग सुरू झाला तो त्याच चर्चेतून.

पाहुण्या मिशनऱ्यांच्या साक्षी बऱ्यावाईट असत. खरं सांगायचं तर काही फारच कंटाळवाण्या. किती गावं, किती सभा, किती पुस्तिका वाटल्या याची जंत्री. लक्षात राहिले ते एक सडपातळ गृहस्थ. ते म्हणाले, ‘मी गेलो तिथं अजून एकाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. शाळा मात्र चालू आहे.’ बसले खाली. पुढच्या बाकावरच्या एका वयस्क बाई उठून म्हणाल्या, ‘मिशनरी जडसनसाहेब रंगूनला १८१३ मध्ये पोचले आणि पहिल्या बर्मी माणसाचा बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये. तुम्ही जेवून जा.’ त्यांना सगळा मिशन इतिहास तोंडपाठ होता. महिला मंडळाच्या खास दानार्पणाआधी अमेरिकन मिशनरी लॉटी मून यांची हकिगत सांगणंही त्यांच्याकडेच. चीनमधून त्या मदतीसाठी पत्रांवर पत्रं लिहीत राहिल्या. अखेर १८८८ साली अमेरिकेतल्या बॅप्टिस्ट स्त्रियांनी नाताळचं अर्पण गोळा केलं, आणि त्यातून तीन नव्या मिशनरी बायकांना पाठवण्याची सोय झाली. हे सांगताना बाई तीन बोटं वर धरून उभ्या राहत आणि पिशवी फिरेपर्यंत खाली घेत नसत.

पण माझी आवडती संध्याकाळ शेवटची, सभासदांच्या वार्षिक सभेची. पाहुण्यांना ती रूक्ष वाटे. बॅप्टिस्ट मंडळीत वरून हुकूम येत नाही; पाळक सुचवतो, डीकन म्हणजे मंडळीचे निवडलेले सेवक मांडतात, ठरवतात ते सभासद. त्यामुळे मिशनला किती द्यायचं हेही हात वर करूनच ठरायचं. ज्यानं हात वर केला त्याला वर्षभर ‘हे पाळकांचं खूळ’ म्हणायची सोय उरत नसे.

एका वर्षी छपराची दुरुस्ती आणि मिशन निधी समोरासमोर आले. एक काका तावातावानं उठले. ‘आधी पोटोबा, मग...’ आणि आपण कुठं बसलो आहोत हे ध्यानात येऊन थबकले. पाळकसाहेबांसकट सगळे पोट धरून हसले. हसण्यात ताण निवळला, पण मुद्दा राहिलाच: आपणच एवढीशी मंडळी, दुसऱ्यांना काय पाठवणार? खजिनदारांनी हॅम्बर्गचा दाखला दिला. १८३४ मध्ये एल्ब नदीत ओंकेन आणि त्यांचे सहा सोबती, मिळून सात जणांचा बाप्तिस्मा झाला. त्या सातांच्या मंडळीतून जर्मनीभर आणि शेजारच्या देशांत मंडळ्या उभ्या राहिल्या. प्रत्येक बॅप्टिस्ट हा मिशनरी, हे ओंकेन यांचं ब्रीद. काका बसले, पण ‘छप्पर गळतंयच’ एवढं पुटपुटून.

त्या रात्री जे ठरलं ते आजही टिकून आहे. मिशनचा वाटा जमेतून पहिल्यांदा बाजूला काढायचा, उरलेल्यात छप्पर. दरवर्षी नवी जागा शोधायची नाही. परदेशातल्या एकाच मंडळीशी निदान पाच वर्षं नातं ठेवायचं, आणि काय हवंय ते आपण ठरवण्याआधी त्यांना विचारायचं. वाचनवर्ग आणि परदेशी काम यांच्यासाठी दोन वेगळ्या समित्या नेमायच्या नाहीत, कारण दोन झाल्या की त्या पैशांवरून भांडतात. शिवाय प्रत्येक घरानं एक नाव प्रार्थनेसाठी घ्यायचं आणि त्या माणसाला स्वतः पत्र लिहायचं. कुणी जायला तयार झालं, तर बायबलमधल्या अंत्युखियाच्या मंडळीनं बर्णबा आणि शौल यांना पाठवलं तसं उपास-प्रार्थना करून, हात ठेवून सर्वांनी पाठवायचं. घरच्यांची चौकशी मंडळीनं ठेवायची.

काका पुढं त्या समितीचे चिटणीस झाले. छपराला त्यांनीच पदरमोड करून डांबर लावून घेतलं, आणि त्याचा उल्लेख इतिवृत्तात नको म्हणाले. उल्लेख झाला.

पुढच्या वर्षीच्या सभेत त्या परदेशी मंडळीचं पहिलं उत्तर वाचलं गेलं. आम्ही विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी एका ओळीत शिक्षक मागितला होता आणि खाली उलट विचारलं होतं: तुमच्यासाठी आम्ही कशाकशाची प्रार्थना करू? हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. मग जो तो उठून सांगायला लागला. आजारपणं, नोकऱ्या, मुलांची लग्नं, दोन भावांमधला अबोला, गायनवृंदातली भांडणं. ‘ते परदेशात कशाला कळवायचं?’ असं कुणी म्हणालं, तर त्या वयस्क बाई म्हणाल्या, ‘तेच आधी लिहा.’ काकांनी दोन्ही बाजू भरल्या आणि आणखी कागद मागितला.