इंग्लंडमधल्या गावात टीपीओ असलेल्या ओकची छाटणी: माझा अनुभव

आम्ही ऑक्सफर्डशायरमधल्या एका छोट्या गावात घर घेतलं तेव्हा सॉलिसिटरच्या (घरखरेदीच्या वकिलाच्या) सर्चमध्येच, म्हणजे जागेच्या कागदोपत्री तपासणीतच, आलं होतं की मागच्या बागेतल्या ओकवर टीपीओ आहे, म्हणजे ट्री प्रिझर्वेशन ऑर्डर, झाडाला संरक्षण देणारा स्थानिक कौन्सिलचा आदेश. झाड तुमच्या जागेत असलं तरी कौन्सिलच्या लेखी परवानगीशिवाय तोडणं, छाटणं, मुळं कापणं, काहीच करता येत नाही, आणि विनापरवानगी कामामुळे झाड मेलं तर कोर्ट कितीही दंड लावू शकतं, त्याला वरची मर्यादाच नाही. आई तेव्हा नाशिकहून आली होती, ती म्हणाली अगं आपल्याकडेपण महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागतंच की. खरंय, महाराष्ट्रात शहरांसाठी १९७५ पासून कायदा आहे.

आमच्या फांद्या छपराला घासायला लागल्या होत्या, गटर पानांनी भरायचं, आणि एक जाड खालची फांदी शेडच्या बरोबर वर आलेली. शेजारचे काका म्हणाले सरळ कापून टाका, कोण बघतंय, पण इतकं जुनं झाड, मला ते पटलंच नाही. परवानगीचा अर्ज प्लॅनिंग पोर्टल या वेबसाइटवर ऑनलाइन करता येतो आणि फी शून्य, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम नेमकं लिहायचं. ‘झाड थोडं कमी करायचंय’ असं लिहून भागत नाही. आमच्या ट्री सर्जनने, म्हणजे झाडांची छाटणी करणाऱ्या व्यावसायिकाने, बसून लिहून दिलं, घराच्या बाजूच्या फांद्या २ मीटरने मागे घ्यायच्या, छपरापासून अंतर ठेवायचं, शेडवरची जाड फांदी काढायची, सोबत झाड कुठे आहे त्याचा साधा नकाशा आणि फोटो. अर्जाचं कारण ‘झाड रोगट आहे’ किंवा ‘घराला तडे जातायत’ असं असेल तर तज्ज्ञाचा लेखी रिपोर्ट लागतो, आमचं तसं नव्हतं. निर्णयाला ८ आठवड्यांची मुदत असते, मधे पॅरिश कौन्सिलकडेही (गावपातळीची कौन्सिल) आमचा अर्ज गेला होता.

कौन्सिलच्या ट्री ऑफिसर झाड बघायला आल्या तेव्हा मी मुद्दाम घरी थांबले, आणि ते फार बरं झालं. त्यांनी बुंध्याभोवती फिरून, वर बघून शांतपणे समजावलं की घराकडची छाटणी चालेल, झाडाला सोसेल, पण ती खालची जाड फांदी काढली तर एवढी मोठी जखम म्हाताऱ्या ओकला भरून काढता येत नाही, तिथून बुरशी शिरते आणि आतून कुजायला लागतं. निकालही तसाच आला, अर्ध्याला परवानगी अर्ध्याला नकार, काम बीएस ३९९८ या झाडांच्या कामाच्या ब्रिटिश मानकाप्रमाणे करायचं आणि २ वर्षांत करायचं. नकाराविरुद्ध २८ दिवसांत प्लॅनिंग इन्स्पेक्टरेट या सरकारी संस्थेकडे अपील करता येतं, मी केलं नाही, कारण त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

वाळलेल्या फांद्यांना मात्र परवानगी लागत नाही, त्या त्याच दिवशी काढून घेतल्या. छाटणी हिवाळ्यात केली, पक्ष्यांची घरटी असताना करायची नव्हती, आणि ट्री सर्जनने आधी वटवाघळांसाठी ढोल्या तपासल्या, त्यांनाही इथे कायद्याचं संरक्षण आहे. जाड फांदी आहे तिथेच आहे, शेड आम्ही कुंपणाकडे सरकवली.