मोठ्या मॅनेजरनंतर कोण, या प्रश्नाआधीचा प्रश्न

एखाद्या फुटबॉल क्लबचा वर्षानुवर्षे टिकलेला मॅनेजर जाणार अशी बातमी आली की त्याच संध्याकाळी नावांचा बाजार भरतो. कोणाचा करार संपत आला आहे, कोणाला इंग्रजी येते, कोणाची खेळण्याची शैली आपल्याकडे चालेल, यावर सगळे तावातावाने बोलू लागतात. ही चर्चा मलाही आवडते, पण ती एक पायरी गाळून सुरू होते असे माझे मत आहे. जाणारा माणूस नेमकी किती कामे करीत होता आणि त्यातली कोणती कामे नव्या माणसाच्या गळ्यात घालायची नाहीत, हे क्लबने आधी ठरवायला हवे. ते न ठरवता केलेली निवड, नाव कितीही चांगले असले तरी, बहुतेक वेळा फसते.

सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचेच उदाहरण घेऊ, कारण त्या प्रकरणाची सविस्तर माहिती उपलब्ध आहे. नोव्हेंबर 1986 ते मे 2013 या काळात त्यांनी मँचेस्टर युनायटेडला 38 करंडक मिळवून दिले आणि त्यांपैकी 13 लीगची विजेतेपदे होती. पण त्यांचे काम शनिवारचा संघ निवडण्यापुरते कधीच नव्हते. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला विकायचे, युवा संघातून कोणाला वर आणायचे, कोणत्या वार्ताहराला पत्रकार परिषदेत येऊ द्यायचे नाही, इथपर्यंतचे निर्णय त्यांच्याकडे होते. मालक बदलले, क्लब शेअर बाजारात जाऊन आला, तरी कारभाराचा कणा तोच राहिला. 8 मे 2013 रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी एव्हर्टन क्लबचे मॅनेजर डेव्हिड मोयेस यांचे नाव सहा वर्षांच्या करारासह जाहीर झाले. फर्ग्युसन यांनी आपल्याला घरी बोलावून घेतले आणि तू युनायटेडचा पुढचा मॅनेजर आहेस असे थेट सांगूनच टाकले, अशी हकीकत मोयेस यांनी पुढे सांगितली. दुसऱ्या नावांचाही विचार झाला होता, असे फर्ग्युसन यांचे नंतरचे म्हणणे आहे. ते खरे मानले तरी, नव्या माणसाला ही जबाबदारी पेलेल का, आणि कोणत्या अटींवर पेलेल, हे त्याला विचारणारे कोणी त्या खोलीत होते असे दिसत नाही.

त्यात भर म्हणजे त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडले आणि त्यांच्या जागी व्यावसायिक व्यवहारांचा अनुभव असलेले एड वुडवर्ड आले. म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची नस जाणणारे दोघेही एकाच वेळी गेले. मारुआन फेलायनीला एव्हर्टनमधून आणताना ठरावीक रक्कम मोजली की खेळाडू सोडावाच लागेल असे त्याच्या करारातले कलम जुलैअखेर संपू दिले गेले आणि शेवटच्या दिवशी सुमारे 4 दशलक्ष पौंड जास्त मोजावे लागले. हा दोष एकट्या मोयेस यांच्यावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

एक चूक मात्र त्यांची स्वतःची होती. फर्ग्युसन यांचे सहायक माइक फेलन व रेने म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील या तिघांनाही त्यांनी ठेवले नाही आणि एव्हर्टनमधली आपली माणसे आणली. रोजच्या सरावाची घडी ज्यांच्या हातात होती ती माणसे गेल्यावर, खेळाडूंना फर्ग्युसन यांची आठवण पत्रकार परिषदेत नव्हे तर सरावाच्या मैदानावर रोज येऊ लागली असणार. याची किंमत 9 फेब्रुवारी 2014 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर उघड्यावर दिसली. समोर तळाला असलेला फुलम होता आणि त्यांच्या बाकावर होते तेच म्यूलेनस्टीन. युनायटेडने त्या दिवशी ऐंशीहून अधिक क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेवरून गोलसमोर मारलेले चेंडू, टाकले. चेंडू बाजूला जायचा, तिथून गोलसमोरच्या चौकटीत यायचा, फुलमचे उंचपुरे बचावपटू तो डोक्याने बाहेर काढायचे आणि पुन्हा तोच क्रम सुरू व्हायचा. आघाडी घेऊनही नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत फुलमच्या डॅरेन बेंटने बरोबरी साधली आणि सामना 2-2 सुटला. असा खेळ थोपवायचा कसा हे म्यूलेनस्टीन यांना कोणी शिकवायला नको होते. (त्याच आठवड्यात फुलमनेही त्यांना काढून टाकले. फुटबॉलमध्ये काव्यगत न्याय फार काळ टिकत नाही.)

मोयेस यांच्या हाती आलेल्या संघाकडेही पाहायला हवे. 2012-13 मध्ये युनायटेडने 89 गुणांसह, दुसऱ्या क्रमांकापेक्षा 11 गुण जास्त मिळवून लीग जिंकली होती, आणि त्या आकड्यांनी सगळ्यांचे डोळे दिपले. प्रत्यक्षात पॉल स्कोल्स निवृत्त होत होता, रायन गिग्ज 39 वर्षांचा होता, रिओ फर्डिनंड 34 वर्षांचा होता, आणि फर्डिनंड, व्हिडिच व एव्हरा हे बचावातले तिघेही पुढच्याच उन्हाळ्यात क्लब सोडून गेले. असा संघ एकदा विजेता ठरू शकला तो फर्ग्युसन त्याच्या मागे उभे होते म्हणून. पुढच्या हंगामात तोच क्लब 64 गुणांवर, सातव्या क्रमांकावर आला. दुसरीकडे मोयेस यांना अकरा वर्षांनी गमावलेल्या एव्हर्टनने रोबेर्तो मार्तीनेस यांच्या हाताखाली 72 गुण मिळवून पाचवे स्थान पटकावले, आणि युनायटेडला दोन्ही सामन्यांत हरवले. त्यातला दुसरा पराभव 20 एप्रिल 2014 चा, आणि दोनच दिवसांत मोयेस यांना निरोप मिळाला. दीर्घकाळचा मॅनेजर जाणे म्हणजे पडझड होणारच, हा समज एव्हर्टनच्या त्या हंगामापुढे टिकत नाही.

मग माणूस आतला घ्यावा की बाहेरचा? हा वाद जुना आहे आणि 1974 चा उन्हाळा त्यात नेहमी पुराव्यादाखल मांडला जातो. त्या जुलैमध्ये मॅनेजर बिल शँकली यांनी लिव्हरपूल सोडले आणि लीड्सचे मॅनेजर डॉन रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारी घ्यायला गेले. लिव्हरपूलने 1939 पासून क्लबमध्येच असलेल्या बॉब पेस्ली यांना, त्यांची फारशी इच्छा नसताना, पुढे केले. लीड्सने, रेव्ही यांनी लीड्सचाच खेळाडू जॉनी जाइल्सचे नाव सुचवले असूनही, ब्रायन क्लफ यांना आणले, म्हणजे लीड्सच्या खेळावर वर्षानुवर्षे जाहीर टीका करणाऱ्या माणसाच्याच हाती लीड्सचे विजेते खेळाडू सोपवले. ऑगस्टमध्ये वेम्बलीवर चॅरिटी शील्डच्या, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीच्या मानाच्या, सामन्यासाठी हेच दोन संघ समोरासमोर आले. राजीनामा दिलेले शँकली शेवटचे म्हणून लिव्हरपूलच्या रांगेच्या पुढे चालत होते आणि शेजारच्या रांगेपुढे क्लफ होते. क्लफ यांची कारकीर्द 44 दिवसांत संपली. पेस्ली यांनी नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक जिंकले.

यावरून आतला माणूस बरा असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण त्याला युनायटेडचाच आधीचा अनुभव आडवा येतो. 1969 मध्ये दीर्घकाळचे मॅनेजर सर मॅट बस्बी बाजूला झाले तेव्हा क्लबने आपल्याच पोटातला विल्फ मॅकगिनेस निवडला. तो 31 वर्षांचा होता आणि बॉबी चार्लटन त्याच्याच वयाचा, एकाच महिन्यात जन्मलेला. आपल्या जुन्या सवंगड्याला संघातून वगळायचे आणि मग त्याच्याशीच सरावात बोलायचे, ही अवघड गोष्ट होती. तरीही त्याला खरे नडले ते वेगळेच. बस्बी सरव्यवस्थापक म्हणून क्लबमध्येच राहिले. खेळाडूला तक्रार असली तर त्याला कोणाचे दार ठोठवायचे ते ठाऊक होते, आणि दाराआडच्या माणसाकडे अधिकारही होता. डिसेंबर 1970 मध्ये मॅकगिनेसला हटवून बस्बी स्वतःच परत आले. 1974 मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. शँकलीसुद्धा निवृत्तीनंतर मेलवूडच्या सराव मैदानावर येत राहिले आणि खेळाडू त्यांना पूर्वीसारखेच ‘बॉस’ म्हणत राहिले, त्यामुळे पेस्ली यांची पंचाईत झालीच. पण शँकली यांच्याकडे निर्णय घेण्याची सत्ता उरली नव्हती. आतला किंवा बाहेरचा यापेक्षा हा फरक मला निर्णायक वाटतो. आदर म्हणून जुन्या माणसाला पद देणाऱ्या संचालक मंडळाने त्या पदाखाली कोण चिरडला जाईल हेही पाहावे.

आता 2024 चे लिव्हरपूल. युर्गन क्लॉप यांनी 26 जानेवारीला, हंगाम ऐन भरात असताना, आपण जाणार असल्याचे जाहीर केले, आणि मालकांना तर त्यांनी त्याआधीच कळवले होते. त्यामुळे क्लबला निवांत वेळ मिळाला, आणि तो त्यांनी आधी रचना दुरुस्त करण्यात घालवला ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी क्लबमध्ये काम केलेले मायकल एडवर्ड्स यांना मालक कंपनीत परत आणले, खेळाडूंची खरेदी-विक्री पाहणारा क्रीडा संचालक म्हणून रिचर्ड ह्यूज यांना नेमले, आणि त्यानंतर प्रशिक्षकाची निवड झाली. लोकांच्या तोंडी असलेले झाबी आलोन्सो यांनी मार्चअखेर जर्मनीतल्या लेव्हरकुझेन क्लबमध्येच राहण्याचे ठरवले तेव्हा चाहते हवालदिल झाले, पण क्लब गडबडला नाही. नेदरलँड्समधल्या फेयेनूर्ड क्लबचे आर्ने स्लॉट आले ते मॅनेजर म्हणून नव्हे तर मुख्य प्रशिक्षक म्हणून, म्हणजे संघ घडवायचा आणि खेळवायचा एवढे त्यांचे काम, बाकीची घडी इतरांकडे. मधली फळी वर्षभरापूर्वीच बदललेली होती, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात मुख्य संघासाठी फेदेरिको किएसा हा एकच खेळाडू घेऊनही भागले. आधी फारसा न खेळलेला रायन ग्राव्हेनबेर्ख मधल्या फळीच्या तळाशी उभा राहिला. इप्सविचविरुद्धच्या पहिल्याच लीग सामन्यात, गोलफलक कोरा असताना, स्लॉट यांनी मध्यंतराला जॅरेल क्वान्साला काढून इब्राहिमा कोनाटेला आणले आणि चेंडूसाठीच्या झटापटी आपण हरत होतो असे कारण सरळ सांगितले. नवा प्रशिक्षक अशा वेळी सहसा गोड बोलून वेळ मारून नेतो. त्या हंगामात लिव्हरपूलने चार सामने राखून लीग जिंकली.

जुनी रचना मोडून काम वाटून घेतले की झाले, असा याचा अर्थ मी लावत नाही. आर्सेनलने 2018 मध्ये तेच करून पाहिले होते. आर्सेन वेंगर 22 वर्षांनी गेले, उनाय एमरी मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, आणि निवडीत पुढाकार घेणारे मुख्य कार्यकारी अधिकारी इव्हान गाझिडिस काही महिन्यांतच इटलीतल्या मिलान क्लबकडे जायला निघाले. खेळाडू हेरणारे स्वेन मिस्लिंटाट पुढच्या फेब्रुवारीत बाहेर पडले. कामे वाटली खरी, पण ती ज्यांना वाटली तेच जागेवर राहिले नाहीत. एमरी यांना युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात चेल्सीने 4-1 असे हरवले आणि नोव्हेंबर 2019 मध्ये ते गेले. त्यांच्यानंतरच्या मिकेल आर्तेता यांना तर क्लबने वर्षभराच्या आत पुन्हा मॅनेजरचे पद आणि वाढीव अधिकार दिले. म्हणजे एकाच्या हाती सत्ता असणे वाईट असे नाही. ती कोणाकडे आहे हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी ठाऊक असावे, आणि पुढच्या वर्षीही ती तिथेच असावी, इतके झाले तरी पुष्कळ.

मुलाखतीत उमेदवाराला काय विचारावे, यावर माझे मत थोडे रूक्ष आहे. डावपेचांची चित्रफीत कोणीही तयार करून आणतो. आधीपासूनच्या सहायकांपैकी तो कोणाला ठेवणार आणि का, सध्याच्या संघातले कोणते तीन खेळाडू वयामुळे दोन वर्षांत बदलावे लागतील, आणि त्याच्या पसंतीचा खेळाडू क्रीडा संचालकाने नाकारला तर तो काय करील, एवढेच मी विचारीन. उत्तरे बरोबर आहेत की चूक यापेक्षा, उमेदवाराने त्यांचा आधी विचार केला होता का, हे चटकन कळते.

मोठ्या क्लबांपासून दूर, जर्मनीतल्या फ्रायबुर्गने हे काम जवळजवळ आवाज न करता पार पाडले. बारा वर्षांहून अधिक काळ मुख्य प्रशिक्षक असलेले क्रिस्टियान श्ट्राइश 2024 मध्ये गेले आणि ते जाणार हे जाहीर होताच काही दिवसांत क्लबचा माजी कर्णधार युलियान शुस्टर याचे नाव जाहीर झाले. वरिष्ठ संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याला अनुभव शून्य होता, पण योखेन झायर आणि क्लेमेन्स हार्टेनबाख हे कारभार पाहणारे दोघे वर्षानुवर्षे होते तिथेच राहिले. पहिल्या हंगामात संघ पाचवा आला, शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर फ्रँकफर्टकडून 3-1 असा हरल्याने चॅम्पियन्स लीग हुकली. श्ट्राइश यांच्या सर्वोत्तम हंगामांतही फ्रायबुर्ग पाचवेच आले होते.