घडी न होणारी मागची सीट: नवी मोटर घेण्याआधी

बटण दाबलं आणि जुन्या एसयूव्हीची तिसऱ्या रांगेतली सीट हलली नाही, की लोक थेट मोटरची किंमत विचारतात. घाई करू नका. आधी कान लावा. अजिबात आवाज नाही, नुसती 'टक' येते, मोटर कण्हून थांबते, की मोटर मजेत फिरते पण सीट जागची हलत नाही? या चार आवाजांत निम्मं निदान होतं.

आवाजच नसेल तर आधी फुकटातल्या गोष्टी पाहा. बऱ्याच गाड्यांत गिअर पार्कमध्ये आणि डिकीचा दरवाजा उघडा असल्याशिवाय ही सीट चालतच नाही. दरवाजाच्या लॅचमधला छोटा स्विच खराब झाला, तर गाडीला दरवाजा बंदच वाटतो. डिकीतला दिवा लागत नसेल तर संशय तिकडेच. मग फ्यूज. सारखं बटण दाबून मोटर तापली असेल, तर तिचं आतलं संरक्षण सप्लाय तोडतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा बघा.

'टक' येते म्हणजे रिले (मोटरचा सप्लाय जोडणारा विजेवर चालणारा स्विच) हलतोय, पण पुढे बहुधा पुरेसा करंट पोचत नाहीये. मोटरच्या कनेक्टरवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. कनेक्टर जोडलेला असतानाच मोजायचं, ही गोष्ट हमखास चुकते. काढलेल्या कनेक्टरवर १२ व्होल्ट दिसतात आणि मोटरचा लोड आला की ७-८ वर येतात. दोष गंजलेल्या पिनेत, ढिल्या अर्थच्या वायरीत (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या) किंवा तुटत आलेल्या वायरीत असतो. बिजागरीपाशी वायर रोज वाकते. वरचं आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. चिमटीत धरून हलकेच ओढा: तुटलेल्या जागी वायर रबरासारखी ताणली जाते. सीट दोन भागांत असेल तर चालणाऱ्या बाजूचं रीडिंग घ्या, त्याहून चांगला संदर्भ नाही.

मोटर कण्हून थांबत असेल तर रुळात नाणं, खेळणं, बेल्टचं बक्कल शोधा. हेडरेस्ट पुढच्या सीटला अडतोय का, तेही बघा.

मोटर फिरते पण सीट हलत नाही, तेव्हा बहुधा गिअरबॉक्समधला नायलॉनचा गिअर गेलेला असतो. झाकण उघडलं की ग्रीसमध्ये पांढरा भुगा दिसतो. गिअरचे बाकी दाते धड, पण एका ठिकाणी तीन-चार सपाट झालेले. तेवढ्यासाठी अख्खी मोटर बदलणं मला पटत नाही. गिअर सुटा मिळाला तर तोच घाला, मात्र दात्यांची संख्या आणि बाहेरचा व्यास जुळवून.

अर्धवट अडकलेल्या सीटखालचे बोल्ट हाताशी येत नाहीत. आधी सीट सरकवायला हवी: मोटरचा कनेक्टर काढा (नाहीतर करंट उलटा सीट चालवणाऱ्या मॉड्यूलमध्ये जाईल) आणि मोटरला बॅटरीवरून १५ अँपिअर फ्यूजमधून थेट १२ व्होल्ट द्या. वायरी उलट्या केल्या की मोटर उलटी फिरते. इथे टोकाला मोटर थांबवणारा लिमिट स्विच मध्ये नसतो, त्यामुळे सीट टोकाला टेकायच्या आत वायर काढून घ्या. बोटं दूर.

सीट खोलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. पिवळा कनेक्टर एअरबॅगचा किंवा धडकेत बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरचा असतो. त्याला मल्टिमीटर लावायचा नाही.

गिअर काढण्याआधी मार्करने खूण करा. दोन्ही बाजू एका शाफ्टने जोडलेल्या असतील, तर एका दात्याचा फरकही सीट तिरकी करतो आणि ती पुन्हा अडकते. नायलॉनवर प्लॅस्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस, तेही पातळ थरात. ग्रीस थापलं की धूळ चिकटते. जोडल्यावर सीट दोन्ही टोकांपर्यंत नेऊन बटण काही सेकंद दाबून ठेवा, काही गाड्यांत मॉड्यूल त्यावरूनच टोकं नव्याने शिकतं. आणि सीटचे बोल्ट अंदाजाने आवळू नका, टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधला घ्या.