स्केअरी फार्म एकदाचं बघितलं!!
काल आम्ही, दिराची फॅमिली आणि मित्रमंडळी असे सगळे कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्क शहरात नॉट्स स्केअरी फार्मला (नॉट्स बेरी फार्म या थीम पार्कमधला हॅलोविनचा भुताटकीचा कार्यक्रम) जाऊन आलो, 1973 पासून चालू आहे हा प्रकार आणि गर्दी बघून पटतं पण. मेझ (भुताटकीचे भूलभुलैये) ठीक, रांगेतच पायांचे तुकडे पडले, खरी धमाल पार्कच्या घोस्ट टाउन भागात, धुकं इतकं की शेजारचा दिसेना आणि त्यातून ते स्लायडर्स (भुतं बनलेले कलाकार) गुडघ्यांवर घसरत ठिणग्या उडवत थेट पायाशी!! नवरा माझ्या मागे 😂 सासूबाई (हो, त्यापण आल्या!) भुताकडे बघून शांतपणे, "अगंबाई, घामाघूम झालंय की लेकरू!" लहान मुलांना मात्र नका नेऊ, आणि बॉयझनबेरी पाय (बेरी भरलेला गोड बेक्ड पदार्थ) खायला सोडू नका.