खणातले दोन फोन

माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात दोन जुने फोन पडून आहेत. एक 2014 चा वनप्लस वन, त्याची खरखरीत काळी पाठ कडेकडेने घासून गुळगुळीत झालेली. दुसरा 2017 चा, काचेच्या पाठीचा, अजूनही देखणा. दुसऱ्याचा प्रोसेसर जास्त वेगवान, कॅमेरा बरा, स्क्रीन तर कितीतरी सरस. पण अधूनमधून बाहेर निघतो तो वनप्लसच. गाणी लावायला, कुठल्या अनोळखी अॅपवर प्रयोग करायला.

वनप्लस वन आला तेव्हा त्यावर अँड्रॉइड 4.4 होतं. 2021 मध्ये मी त्यावर लिनिएज ओएस 18.1 चढवलं, म्हणजे हौशी लोकांनी बांधलेलं अँड्रॉइड 11. सात वर्षांच्या फोनवर! काचेवाला आला अँड्रॉइड 7 घेऊन, एकदा 8 झाला, 2019 मध्ये शेवटचा सिक्युरिटी पॅच मिळाला आणि मग कंपनीने जी पाठ फिरवली ती फिरवलीच. त्याचा बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम आत घेणारा प्रोग्रॅम, कुलूपबंद, आणि तो उघडायची सोय कंपनीने कधी दिलीच नव्हती. विकत घेताना मी हे बघितलंही नव्हतं. तोवर पाच वर्षं फोन फ्लॅश करत, म्हणजे त्यांवर दुसरी सिस्टिम चढवत आलेली बाई मी, आणि रंग बघून भुलले.

हे आठवायचं कारण म्हणजे भाच्याचा मेसेज. ‘मावशी, मला जो फोन घ्यायचाय ना, त्याचा बूटलोडर अनलॉक होत नाही म्हणतात. मित्र म्हणतोय घेऊच नकोस. सोडून देऊ?’ मी उत्तर टाइप करायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून म्हटलं इथेच लिहावं.

आधी एक गोंधळ दूर करते, कारण त्याच्या मित्राच्या डोक्यातही तोच होता. दुसऱ्या कंपनीचं सिम न चालणं म्हणजे सिम लॉक. त्याचा बूटलोडरशी काही संबंध नाही. कुठलंही सिम चालणाऱ्या फोनचा बूटलोडर घट्ट बंद असू शकतो.

फोन चालू केला की पहिल्यांदा जागा होतो तो चिपमध्येच कोरलेला एक छोटासा कोड. तो कारखान्यात जसा लिहिला तसाच राहतो, बदलता येत नाही. तो बूटलोडरवरची मोहोर तपासतो, बूटलोडर त्याच्या पुढच्या टप्प्यावरची तपासतो, आणि असं करत करत अख्खी सिस्टिम उभी राहते. ही मोहोर म्हणजे कंपनीची डिजिटल सही. एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी सही जुळत नाही. अँड्रॉइड 7 पासून, म्हणजे 2016 पासून, हा नियम कडक झाला: मोहोर जुळली नाही तर फोन सुरूच व्हायचा नाही. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे या पहारेकऱ्याला सांगणं, ‘मोहोर राहू दे, जे येईल ते आत सोड.’ म्हणून तर अनलॉक केलेला फोन दर वेळी चालू होताना नारिंगी इशारा दाखवतो.

आता हा पहारेकरी चांगलं काम करतो की नाही? करतो. मला वाटतं, आमच्यासारख्या फ्लॅशिंगवाल्यांनी ही गोष्ट पुरेशा मोकळेपणाने कधी कबूल केली नाही. अनलॉक केलेला फोन दहा मिनिटं कुणाच्या हातात पडला तर तो त्यावर आपली रिकव्हरी (फोन दुरुस्त करायची छोटी सिस्टिम) टाकू शकतो, सिस्टिममध्ये काहीतरी पेरून फोन परत जागच्या जागी ठेवू शकतो. पुढच्या वेळी तुम्ही पिन टाकाल तेव्हा तो पिन कोण वाचतंय हे तुम्हाला कळणारही नाही. (जुना फोन विकत घेणार असाल तर तो समोर बंद करून परत चालू करायला सांगा. नारिंगी इशारा दिसला आणि विकणारा ‘काही नाही हो ते’ म्हणाला, तर नमस्कार करून निघा.)

या पहारेकऱ्याने मलाही एकदा चांगलाच हिसका दाखवलाय. एका फोनवर मी नवा रॉम, म्हणजे बाहेरची सिस्टिम, चढवला, सगळं झकास चाललं, आणि रात्री दीड वाजता मला अवदसा आठवली की आता सुरक्षेसाठी बूटलोडर परत लॉक करून टाकावा. एका ओळीची तर कमांड. एंटर दाबलं, फोनने डेटा पुसला, आणि मग लाल इशारा: डिव्हाइस करप्ट आहे. साहजिकच होतं. पहारा परत उभा केला, पण आत बसलेल्या सिस्टिमवर कंपनीची मोहोर कुठे होती? बरं, पुन्हा अनलॉक करावं तर सेटिंग्जमधला ‘ओईएम अनलॉकिंग’चा खटका नव्या सिस्टिममध्ये बंदच राहिलेला. तो चालू करायला सेटिंग्जमध्ये जायला हवं, आणि सेटिंग्जमध्ये जायला फोन चालू व्हायला हवा. असा कायमचा बंद पडलेला फोन म्हणजे आमच्या भाषेत वीट. पहाटे साडेचारपर्यंत मी त्या विटेकडे बघत बसले होते. ती वीटच राहिली. चूक सर्वस्वी माझी होती.

खरं तर यावर उपाय आहे, आणि तो फार थोड्या फोनांत मिळतो: स्वतःची मोहोर. गूगलच्या पिक्सेलवर ग्राफीन ओएससारखी सिस्टिम टाकून, त्या सिस्टिमची चावी फोनमध्ये नोंदवून बूटलोडर परत लॉक करता येतो. मग पहारेकरी तपासणी पूर्ववत करतो, फक्त कंपनीच्या जागी तुम्ही सांगितलेली मोहोर बघतो. इशारा नारिंगीचा पिवळा होतो. मला हीच व्यवस्था शहाणपणाची वाटते. दाराला कुलूप असावंच. चावी बनवून घ्यायचा हक्क मात्र घरात राहणाऱ्याला असावा.

अनलॉक करण्याची किंमत तेवढीच नाही. अनलॉक करताना फोन पूर्ण पुसला जातो, म्हणून ते करायचं तर पहिल्याच दिवशी, फोटो-मेसेज साठण्याआधी. सॅमसंगच्या फोनमध्ये एक ई-फ्यूज, म्हणजे चिपमधला एकदाच जळणारा फ्यूज असतो. परकी सिस्टिम चढली की तो जळतो आणि परत जोडता येत नाही. मग सिक्युअर फोल्डर, सॅमसंग पे कायमचे गेले, मूळ सिस्टिम परत टाकली तरी. सोनीच्या जुन्या एक्सपीरिया फोनांत अनलॉक केल्यावर काही चाव्या पुसल्या जायच्या आणि कॅमेऱ्याची नॉइज कमी करण्याची करामत जायची. सिनेमे दाखवणारी अॅपं बऱ्याच फोनांवर एचडी बंद करतात, कारण वाइडवाइन, म्हणजे सिनेमांची चोरी रोखणारी गूगलची व्यवस्था, एल1 या वरच्या पातळीवरून एल3 या खालच्या पातळीवर घसरते.

आणि बँकेची अॅपं. इथे माझा आवाज चढतो. ही अॅपं गूगलच्या तपासणी-सेवेला (आताचं नाव प्ले इंटिग्रिटी) विचारतात की फोन भरवशाचा आहे का, आणि ती सगळ्यात आधी बघते तो बूटलोडर. 2021 मध्ये माझ्या टेबलावर दोन फोन शेजारी शेजारी होते. वनप्लसवर अँड्रॉइड 11, त्याच महिन्याचा पॅच. काचेवाल्यावर 2019 चा पॅच, दोन वर्षांची भोकं उघडी. बँकेचं अॅप वनप्लसवर म्हणालं, ‘हे डिव्हाइस सुरक्षित नाही.’ काचेवाल्यावर मुकाट्याने सुरू झालं. अलीकडे गूगलने सगळ्यात कडक पातळीसाठी अँड्रॉइड 13 आणि पुढच्या फोनांना वर्षभरातला पॅच लागेल अशी अट घातली आहे, ते बरं केलं. पण त्या कडक पातळीपर्यंत जायचं की खालच्यावर भागवायचं हे अॅपवाल्यांच्या हातात आहे.

म्हणजे अनलॉक होणारा फोन घेतला म्हणून जिंकलो असंही नाही. अनलॉक करून टाकणार काय? रॉम कुणीतरी बांधावा लागतो, आणि तो बांधणारी माणसं बहुतेक रात्री जागून, फुकट काम करणारी असतात. त्यांच्या हातात तोच फोन असावा लागतो, कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, सोर्स कोड कंपनीने द्यावा लागतो. लायसन्सप्रमाणे तो देणं बंधनकारक असतं, पण कंपन्या कधी उशिरा देतात, कधी अर्धवट. शिवाय मोडेमचं आणि चिपचं फर्मवेअर, म्हणजे त्या भागांच्या आतलं सॉफ्टवेअर, कंपनीकडूनच येतं. ते थांबलं की लिनिएजवालेही त्यातली भोकं बुजवू शकत नाहीत. माझ्या वनप्लसवर मी बँकेचं काम करत नाही ते अॅप नको म्हणतं एवढ्याचसाठी नव्हे.

आणि कंपनीने ‘अनलॉक करता येईल’ म्हटलं तरी तो शब्द किती दिवस टिकेल? 2011 मध्ये ग्राहकांनी गदारोळ केल्यावर एचटीसीने बूटलोडर उघडून द्यायचं कबूल केलं, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता वारं फिरलं. फिरलं, पण उलटं. 2018 मध्ये हुआवेने अनलॉक कोड देणं थांबवलं. 2023 मध्ये आसुसने अनलॉकचं टूल मागे घेतलं. शाओमीने आधी सात दिवस थांबायला लावलं, मग हायपरओएस ही तिची नवी सिस्टिम आल्यावर अटी वाढवत नेल्या. 2025 मध्ये सॅमसंगच्या वन यूआय 8 या सिस्टिममधून ‘ओईएम अनलॉकिंग’चा खटकाच गायब झाला. म्हणून ‘पुढे कधीतरी अनलॉक करू’ या हिशोबाने फोन घेऊ नका. करायचं तर आज, नाहीतर ती सोय तुमच्याकडे नाहीच असं धरून चाला.

मग भाच्याला काय सांगायचं? मी त्याला विचारलं, ‘अपडेट किती वर्षं देणार म्हणतायत?’ तो म्हणाला, ‘सात.’

इथेच सगळं फिरतं. आम्ही फोन अनलॉक करायला लागलो तेव्हा दोन वर्षांत कंपनी हात वर करायची, फोन मात्र चार-पाच वर्षं सहज चालायचा. त्या मधल्या वर्षांसाठी चावी लागायची. 2023 च्या ऑक्टोबरात पिक्सेल 8 ला गूगलने सात वर्षं कबूल केली, तीन महिन्यांनी सॅमसंगने एस24 ला तेवढीच. अशा फोनची बॅटरी एकदा बदलली तरी बहुतेक माणसं अपडेट संपण्याआधी फोन बदलतात. तिथे बंद बूटलोडर हा तत्त्वाचा प्रश्न आहे, रोजच्या वापराचा फारसा नाही. मला तत्त्वाचंही महत्त्व आहे, पण एकोणीस वर्षांच्या मुलाने माझ्या तत्त्वासाठी आवडता कॅमेरा का सोडावा?

अडतं ते स्वस्त फोनांत. दोन-तीन वर्षं पॅच, तेही तीन महिन्यांनी एकदा, आणि वर बूटलोडर बंद. अशा फोनच्या खोक्यावर अदृश्य शाईने शेवटची तारीख छापलेली असते. तिथे मी स्पष्ट म्हणेन, सोडून दे. गंमत अशी की बूटलोडरवरून तावातावाने भांडणारे आम्ही सगळे महागड्या फोनांबद्दल भांडत असतो, जिथे त्याची गरज कमी झाली आहे. ज्याला एकच फोन सहा वर्षं ओढायचा आहे, त्याला बूटलोडर हा शब्दही माहीत नसतो, आणि चावीची खरी गरज त्याला असते.

युरोपियन युनियनचा नियम 20 जून 2025 पासून लागू झाला. मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यायला हवेत, असं तो सांगतो. चांगला आहे. त्याच्या पुढे एक ओळ जोडायला मला आवडेल: अपडेट थांबवलेत त्या दिवशी चावी द्या. तुम्हाला सांभाळायचं नाही ना, मग दुसऱ्याला सांभाळू द्या. माझ्या काचेवाल्याची बॅटरी अजून दिवसभर टिकते. त्याच्यात बिघडलेलं काही नाही. तो फक्त कुणाचं ऐकायला तयार नाही, आणि ज्याचं ऐकतो ते बोलत नाहीत.

भाच्याने तो फोन घेतला. परवा घरी आला होता तेव्हा दाखवला. कॅमेरा खरंच उत्तम आहे, खिडकीतून मावळतीचा फोटो काढून दाखवला त्याने. मी काही बोलले नाही. तो गेल्यावर त्या फोनच्या अपडेटची शेवटची तारीख शोधली आणि माझ्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीचा रिमाइंडर लावून ठेवला.