येथे थांबावे

सांगलीतल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरअखेरीस असायचं. पत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन' छापलेलं, पण तो शब्द मुख्याध्यापकांखेरीज कुणी उच्चारत नसे. मैदानात मंडप, बाकं जोडून केलेलं स्टेज, आणि दोन बाकांच्या फटीत दरवर्षी कुणातरी नाचणारीचं पाऊल अडकणार हे ठरलेलं. प्रमुख पाहुणे कुणीही असोत, साखर कारखान्याचे संचालक की दातांचे डॉक्टर, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच 'सीता स्वयंवर' केलं आणि आपण नाट्यपंढरीची लेकरं आहोत, हे सांगितल्याशिवाय खाली बसत नसत. लेकरं तोवर विंगेत मिशा चिकटवून घामाघूम झालेली.

मला नाटकात घेत नसत. आवाज बारीक. पण अक्षर बरं होतं, म्हणून आठवीत शाळेच्या हस्तलिखिताचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांचे निबंध, कविता, प्रवासवर्णनं ड्रॉइंग पेपरवर शाईने उतरवायची. एकच प्रत. पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन झालं की ती ग्रंथालयाच्या काचेच्या कपाटात जायची आणि कपाटाची किल्ली हरवायची. आम्हाला तीन महिनेही पुरत नाहीत म्हणून मराठीच्या बाई चिडायच्या. "साने गुरुजी अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' काढायचे, हाताने लिहून. आणि ते मासिक नव्हतं हो, दैनिक होतं!"

उतरवता उतरवता माझा हात वाकडा चालू लागला. एकीच्या 'पावसाळ्यातील एक दिवस'मध्ये धरतीमातेने हिरवा शालू तीनदा नेसला होता. मी दोनदा उतरवून ठेवला. आयर्विन पुलावरून कृष्णेचा पूर पाहणाऱ्या एकाच्या लेखात शेवटी चार ओळींचा उपदेश होता, तो पानात जागा नाही म्हणून गाळला. जागा होती. तिथे मी वेल काढली. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मला त्यात चोरून चिंच खाल्ल्यासारखी मजा आली.

पण खरं काय ते कळलं फिशपाँडमुळे. ऑफिसबाहेर भडंगवाल्याकडून आणलेला पुठ्ठ्याचा खोका ठेवलेला असे, वरून चीर पाडलेला. त्यात नाव न घालता चिठ्ठ्या टाकायच्या. बहुतेक चिठ्ठ्यांत सिनेमाची गाणी असायची. इतिहासाच्या सरांनी त्या वर्षी पानिपत तीन आठवडे चालवलं होतं. मी लिहिलं, 'पानिपत एका दिवसात आटोपलं. सर, तुमचं?' आटोपलंनंतर पूर्णविराम चांगला ठसठशीत काढला होता.

वाचायला गणिताचे सर. त्यांनी पाढा म्हणावा तसं एका दमात वाचलं, "पानिपतएकादिवसातआटोपलंसरतुमचं." पुढची चिठ्ठी. मागच्या सतरंजीवरून कुणीतरी "काय म्हणाले?" विचारलं. मला रडू आलं. मैत्रिणीला वाटलं माझ्यावरच फिशपाँड पडला. तिला कसं सांगणार, की एका पूर्णविरामासाठी रडतेय! त्या रात्री अंथरुणात मी ते वाक्य किती वेळा मनात वाचलं असेल, दरवेळी नीट थांबून, आणि दरवेळी अख्खा मंडप हसत होता. आपल्याला हेच करायचंय, वाक्यं लिहायचीत, हे मला तेव्हा कळलं. 'लेखिका' वगैरे शब्द डोक्यात नव्हता.

नववीत मी पुरती तयारी केली. वर्गातला एक मुलगा एकांकिकेत दरवर्षी राजा व्हायचा आणि दरवर्षी संवाद विसरायचा. त्याच्यावर लिहिलं, 'महाराजांना सगळे संवाद आठवले (येथे थांबावे) पडदा पडल्यावर.' कंसाखाली लाल शाईने दोन रेघाही मारल्या.

वाचायला पुन्हा तेच सर. चष्मा वर सरकवून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "महाराजांना सगळे संवाद आठवले येथे थांबावे पडदा पडल्यावर."

क्षणभर शांतता. मग मंडप असा काही फुटला की विंगेतला राजा मुकुटासकट बाहेर डोकावला. सरांनाच कळेना काय झालं, त्यांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. पुढे दहावीचा निरोप समारंभ होईपर्यंत शाळेत कुणी बोलता बोलता अडखळलं, की मागून हमखास "येथे थांबावे" ऐकू यायचं.

घरी जाताना मैत्रीण म्हणाली, "अक्षर तुझंच होतं ना? मी पुढे बसले होते, दिसलं. ते 'येथे थांबावे' कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं असंच," मी म्हटलं.