आमची वाटचाल: सरस, शिसव आणि आंबील ओढा

भागीदार दुकान सोडून गेला तो सरसावरून, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गोंदावरून. लोक म्हणतात पैशावरून. पैसा होता कुठे भांडायला?

२००१ साली पुण्यात सहकारनगरात आंबील ओढ्याच्या अंगाला एका बंगल्याचं गॅरेज भाड्याने घेतलं. मी गिटारी बनवायचो, तो विकायचा. भवानी पेठेत लाकूड बाजारात शिसवीच्या फळ्या टिचक्या मारून, कान लावून निवडायला लागलो की वखारवाले हसायचे. रंधे, क्लॅम्प जुन्या बाजारातले. बोहरी आळीतून घेतलेली पाऊण इंची पटाशी झिजून निम्मी झाली, पण आजही ब्रेसिंग, म्हणजे गिटारीला आतून आधार देणाऱ्या काड्या, तिनेच तासतो. गिटारीच्या बाजू वाकवायची नळी आम्हीच केली: पाण्याच्या पाइपाचा तुकडा आणि आत शेगडीची कॉइल. दोन मिलिमीटरची शिसवी पट्टी ओली करून नळीवर दाबत राहायचं. एका क्षणी लाकूड ढिलं पडतं, ते हाताला कळतं. कळायच्या आधी सात-आठ पट्ट्या कडाकडा मोडतात. नव्यांनी मोडू द्याव्यात, स्वस्त लाकडावर शिकू नये. स्वस्त लाकूड काहीच शिकवत नाही.

आता सरस. दाणे रात्री थंड पाण्यात भिजत घालायचे, सकाळी पातेल्यात पातेलं ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवायचे. उकळला की कामातून गेला. वास येतो, शेजारी तक्रार करतात. भागीदार रोज म्हणायचा, "अरे, पांढरा गोंद लाव, महिन्याला दुप्पट माल निघेल." मी म्हणायचो, गिटार कधीतरी उघडावी लागते. सरस ओल आणि ऊब दिली की सुटतो, लाकडाला ओरखडा नाही. त्याला गिटार उघडायचीच नव्हती, विकायची होती.

त्यात रोझेट, म्हणजे गिटारीच्या गोल भोकाभोवतीची (साउंडहोलभोवतीची) नक्षी. पैठणीच्या नारळी काठावरून मी एक नक्षी बसवली होती. रंगीत लाकडाच्या पातळ पट्ट्या क्रमाने चिकटवून लादी करायची, ती चिरायची, चिरलेल्या पट्ट्या पुन्हा जुळवून ठोकळा करायचा आणि मग अळूवडीसारख्या वड्या कापायच्या. प्रत्येक वडीत तोच काठ. त्या वड्या साउंडहोलभोवती खाचेत बसवायच्या. एका रोझेटला चार दिवस. भागीदार गेला तेव्हा साचे घेऊन गेला, आणि वर्षभरात त्याच्या दुकानातल्या तयार गिटारींवर माझा नारळी काठ दिसला. छापील स्टिकर! एक कडा उलटी छापलेली, तेही त्याला दिसलं नाही.

पुढची वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही. बाहेरदेशी गिटारी जाऊ लागल्या होत्या, तोच जानेवारी २०१७पासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमात आल्या. प्रत्येक गिटारीमागे कागद. तयार वाद्यांना सूट मिळाली ती नोव्हेंबर २०१९मध्ये. म्हणजे आमचं बुडाल्यावर दोन महिन्यांनी.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढा फुटून वाहिला. माणसं गेली, गाड्या पानांसारख्या वाहिल्या. त्यापुढे माझं रडणं काहीच नाही, हे मला कळतं. तरी सांगतो. सकाळी शटर वर केलं तर चिखलात अकरा गिटारींचे सुटे भाग. पाठी मधोमध उलगडलेल्या, ब्रेसिंगच्या काड्या खुर्चीखाली. सरसाने आपलं काम चोख केलं होतं, उलट्या दिशेने. दुपारी भागीदाराचा फोन. इतक्या वर्षांत पहिला. "काय रे, विरघळलं का दुकान?"

त्या अकरांत कॅम्पातल्या गिटारच्या सरांची एक होती, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) बदलायला आलेली. आमची पहिली विकलेली गिटार. मी म्हटलं, "सर, नवी करून देतो." ते चिखलात बसले, शिसवीची एक बाजू उचलली, सदऱ्याने पुसली. "नवी नको. मोडलंय कुठे काय? सुटलंय." खरंच, एकही तुकडा फाटला नव्हता. कोमट पाण्याने सगळा जुना सरस धुतला, आडव्या कडांना चपडी (लाखेचं पॉलिश) लावली, मध्ये काड्या देऊन सावलीत थर रचले. ऑक्टोबरचं पुण्याचं ऊन कोरडं, घाई केली की लाकूड टोकाशी तडकतं. ओलं लाकूड कुणी गच्चीवर वाळवू नये. सर दर रविवारी थर्मास घेऊन यायचे, थर उलटेपालटे करायचे. पुढची दोन वर्षांची ट्यूनिंग-पॉलिशची रक्कम आगाऊ देऊन गेले, पावती मागितली नाही. अकरापैकी सात परत उभ्या राहिल्या. सरांची सर्वांत आधी. तिच्या रोझेटमध्ये दोन वड्यांवर पाण्याचा डाग राहिलाय. मी बदलून देतो म्हटलं की ते गिटार पेटीत घालतात.

गेल्या वैशाखात एक मुलगा भागीदाराच्या दुकानातली गिटार घेऊन आला. घोडी, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, उचकटलेली, आणि गिटारीवर तोच उलट्या कडेचा नारळी काठ. गॅरंटीत होती, पण तिथे "नवी घे" म्हणाले. मी जुना पांढरा गोंद खरवडून काढला, त्यालाच अर्धा दिवस गेला. घोडी बसवली आणि बिलावर ठळक अक्षरात लिहिलं: 'घोडी पुन्हा बसवली, सरसाने.' मुलाला सांगितलं, हे बिल त्या दुकानात नक्की दाखव.